एकट्याने मालवणला कसं जावं (फक्त विवाहित पुरुषांसाठी)

"मला जरा स्पेस हवीय" हे वाक्य सकाळी डब्याच्या गडबडीत टाकू नका, वाया जातं. रात्री साडेदहाला ती ओटा पुसत असते तेव्हा सोफ्यावर पाय पसरून, वर पंख्याकडे बघत म्हणायचं, आवाज थोडा दमलेला पाहिजे. ती म्हणेल, जा की. झालं, परवानगी मिळाली, आता ती कुठल्या सुरात मिळाली वगैरे खोलात शिरू नका.

मग सीझन बघा. गणपतीत अजिबात जायचं नाही, तेव्हा अख्खं खानदान गावी असतं आणि टाळ हातात देऊन आरतीला उभं करतात. मे महिन्यात पोरांना सुट्टी, म्हणजे ती मागे लागणार. जून-जुलैत मासेमारी बंद, मग तिथे जाऊनही डाळभातच खायचा तर घरचा काय वाईट होता. राहता राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी, यात पोराची परीक्षा, शाळेचं गॅदरिंग, तुमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असं जे काही असेल त्याला चिकटून तारीख धरा. ऑपरेशनला तुम्ही तसेही बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसणार होतात, तोच मोबाईल तारकर्लीच्या वाळूत बसून बघितला तर काय बिघडलं?

रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं आणि तुम्ही त्या वेळेला अंघोळीत असता, त्यामुळे ते तिच्याकडे द्या. एका हाताने पोळी उलटत दुसऱ्या हाताने ओटीपी टाकणं तिला जमतं, सवय आहे. खिडकी नाही मिळाली तर थोडं नाराज व्हा पण फार बोलू नका, प्रवासाला निघताना माणसाने मन मोठं ठेवावं. बॅग भरणं सोपं आहे, हॉलमध्ये उभं राहून एकेका वस्तूचं नाव घ्यायचं आणि "कुठंय?" म्हणायचं. वस्तू येत जातात.

गाडी मांडवीच घ्या. दिवसाची आहे आणि खायला मस्त मिळतं, घरून दिलेला पोळीभाजीचा डबा शेजारच्या काकांना देऊन टाका, दानाचं पुण्य लागतं. 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा लोकांना वाटलं चाकरमान्यांची सोय झाली, पण खरी सोय बोगद्यांची आहे. नव्वदच्या वर बोगदे आहेत हो, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे तर साडेसहा किलोमीटरचा! घरून फोन आला, "अरे गीझरचं काय करू, पाणी गळतंय", की म्हणायचं "हॅलो, हॅलो, बोगदा आला" आणि कट. फक्त एक लक्षात असू द्या, मालवणात रेल्वे नाही, कुडाळला उतरून पुढे तीसेक किलोमीटर रस्त्याने जावं लागतं, त्यामुळे बीचवर बसून बोगदा सांगू नका. तिचा भूगोल चांगला आहे, पोराचा अभ्यास तीच घेते.

होमस्टेवाल्या काकू दारातच विचारतील, "एकटेच इलात? घरची माणसां खंय?" यावर समुद्राकडे बघत सांगा, "स्वतःला शोधायला आलोय." त्या दोन सेकंद बघतील आणि म्हणतील, "बरां, जेवतलात मा?" पडवीत काका खुर्ची टाकून पान लावत बसलेले असतील, ते सांगतील, "हयसर कसलाच टेन्शन नाय." त्यांच्यावर विश्वास ठेवा, त्यांना खरंच नसतं.

पहाटे पाचला भांड्यांच्या आवाजाने जाग येईल. घरी याच आवाजावर तुम्ही "जरा हळू आपट की" असं ओरडता, इथे मात्र ही कोकणातली पहाट आहे, डोळे मिटून ऐका, रेकॉर्ड केलीत तरी चालेल. आत काकू बिडाच्या तव्यावर तेलाचा हात फिरवून पातळ पीठ ओततात, चर्र आवाज येतो, जाळी पडते, वर झाकण, आणि कडा सुटली की घावन उलथन्याने अलगद ताटात. ते तव्यावरून थेट तुमच्या पुढ्यात येतं त्यामुळे काकू स्वतः कधी खातात हे दिसत नाही. तुम्ही नारळाच्या रसात बुडवून पाचवं घावन खाताना म्हणा, "काय साधं सुंदर आयुष्य आहे ना इथलं." काका मान डोलावतील.

नशीब असेल तर किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. समुद्रात लांबवर जाळं टाकलेलं असतं, त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या धरून माणसांच्या दोन रांगा, म्हातारे, पोरं, बायका, सगळे टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकत असतात. हा फोटो घ्याच. फक्त फ्रेम अशी धरा की माणसं कापली जातील आणि नुसता समुद्र येईल, खाली लिहा "एकांत". कोणीतरी हमखास म्हणेल की दोरीक हात लावा, मासळीचो वाटो गावतलो. कंबर धरा आणि हसा. पेडवे साफ कोण करणार, रूमवर तर कोणी नाही.

सिंधुदुर्ग किल्ला बघायला होडीने जा. 1664 ला महाराजांनी काम सुरू केलं, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. गाईड सांगेल की माणसं ठेवायच्या आधी पाण्याची सोय बघावी लागते. तेव्हा बॅगेतली बाटली काढून पाणी प्या, ती कोणी भरली होती हा विचार इथे नको, ऊन फार असतं.

संध्याकाळी ग्रुपवर टाका, सोलो ट्रॅव्हल प्रत्येकाने एकदा तरी करावं. बायकोने खाली "मी पण जाते मार्चमध्ये" असं लिहिलं तर घाबरू नका, अंगठा द्या आणि मार्चमध्ये इयर एंडिंग असतं हे फोन करून सांगा. तिचं नाही, तुमचं.

परतताना रिकाम्या हाताने जायचं नाही. काकूंकडून कोकमाच्या आगळाची एक बाटली घ्या, घरी गेल्यावर प्रेमाने तिच्या हातात द्या आणि सांगा की रविवारी काकूंसारखी सोलकढी कर, पॅकेटच्या नारळाच्या दुधाची नको, नारळ खवून, वाटून, दोनदा पिळून. लसूण ती सोलेलच. तोवर तुम्ही जरा पडा, प्रवासाने अंग आंबलेलं असतं.