‘रिकाम्या घागरी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

काम बदलू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहावं, आठवड्यातून एकदा तरी भेटावं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून हे सविस्तर.

ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे वाचक लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात १९ वर्षं बॉयलरवर होते. वयाच्या ४६ व्या वर्षी काम गेलं. त्यांचं म्हणणं असं की, ‘ओळखी वाढवा’ हे वशिल्याचंच गोंडस नाव आहे. अशा दोन बैठकांना ते जाऊन आले, तिथे रडगाण्यापलीकडे काही नव्हतं. कोकणात मुळात नोकऱ्याच नाहीत. आणि शेवटी त्यांनी विचारलंय, “दहा रिकाम्या घागरी ओळीत मांडल्या म्हणून पाणी येतं का, ताई?”

हा शेवटचा प्रश्न मनाला लागला. माझं काम सुटलं तेव्हा मलाही हेच वाटत होतं.

वशिल्याचं आधी घेते, कारण तिथे तुमचा राग खरा आहे. ओळखीवर नोकरी हे कोकणाला कुणी शिकवायला नको. आपले आजे-पणजे मुंबईला उतरले ते थेट गावकीच्या खोलीवर. भिंतीकडेला वळकटी टाकायची, खानावळीत जेवायचं, आणि गावातलाच कुणीतरी गिरणीतल्या जॉबरकडे, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकायचा. आधी बदली कामगार, मग जमलं तर कायम. त्या खोल्यांनी हजारो घरं जगवली. पण खोली गावाची, म्हणजे बाहेरच्याला दार बंद. जॉबरला दस्तुरी, म्हणजे वरकमाई, द्यावी लागे ती वेगळीच. आणि जातीचं तर विचारूच नका. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, तो उष्टा होतो एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, जिथे पगार चांगला होता तिथे, घेतच नसत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं. तेव्हा ओळखीच्या दोरीने कोण वर चढतं आणि कोण खालीच राहतं, हे आपल्या जिल्ह्याला पुरतं ठाऊक आहे.

म्हणूनच आमच्या गुरुवारच्या बैठकीत पहिल्याच महिन्यात एक गोष्ट ठरली. काम मागायचं नाही, कामाबद्दल विचारायचं. कुणाला फोन केला तर वीस मिनिटांच्या वर वेळ घ्यायचा नाही. तुमचा दिवस कसा जातो, या कामात नवा माणूस कुठे अडतो, आणि मी अजून कुणाशी बोलू, एवढंच विचारायचं. वशिलेवाला तुमच्यासाठी दुसऱ्याला मागे सारतो. माहिती देणारा कुणालाच मागे सारत नाही, आणि तीच माहिती उद्या बैठकीतल्या सगळ्यांची होते. या दोन गोष्टी दिसायला जवळ आहेत हे मान्य. पण त्या एक नाहीत.

आता घागरींबद्दल.

मी १४ वर्षं औषधांच्या कच्च्या मालाच्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला होते. आमचा प्लांट बंद झाला तेव्हा पहिले दोन महिने मी कुणालाच भेटले नाही. शेजारच्या कंपनीची बस पावणेसहाला नाक्यावर हॉर्न द्यायची, आणि मी जागी होऊन छताकडे बघत पडायचे. वेळच वेळ होता, तरी एक पुस्तक हातून वाचून झालं नाही. पुढे कळलं की १९३० च्या सुमाराला व्हिएन्नाजवळच्या मारिएंथाल गावातली कापडगिरणी बंद पडली तेव्हाही असंच झालं होतं. अख्खं गाव रिकामं बसलं, आणि वाचनालयातून पुस्तकं नेणं वाढायच्या ऐवजी घटलं. अभ्यासकांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. ते वाचलं आणि माझ्या छातीवरचा एक दगड उतरला. मी आळशी नव्हते.

पुढे एका मैत्रिणीने ओढूनच वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेलं. आषाढातला गुरुवार, पत्र्यावर पाऊस असा की बोलायला ओरडावं लागत होतं. सातजण होते. शेजारी बसलेले गृहस्थ जहाजावर चीफ कुक होते. बावीस वर्षं दर्यावर काढून साइन ऑफ होऊन घरी आलेले, मुलगी दहावीला, आता परत जायचं नाही असं ठरवून आलेले. मला काजू नाहीतर आंब्याच्या प्रक्रियेत जायचं होतं, कारण आपल्या भागात तेच आहे. त्यांनी माझा बायोडेटा मागून घेतला, चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर थांबले. ‘एचपीएलसी, केएफ टायट्रेशन.’

“हे मला कळत नाही, म्हणजे काजूवाल्यालाही कळणार नाही. केएफ म्हणजे करता काय?”

“नमुन्यात पाणी किती आहे ते मोजते.”

“अहो, मग काजूत दुसरं काय बघतात? ओल राहिली की बुरशी आलीच.” आणि त्यांनी खिशातलं पेन काढून ती ओळ खोडली, वर लिहिलं : मालातली ओल मोजता येते, आणि त्याची रोजची नोंद ठेवता येते.

दादा, चौदा वर्षांत मला ही ओळ सुचली नसती. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही सुचली नसती, कारण त्या सगळ्यांना केएफ काय ते माहीत होतं. मग त्यांनी जहाजावरच्या भटारखान्याची शिस्त सांगितली. मांसाचा फ्रीजर उणे १८ ला, दिवसातून दोनदा आकडा वहीत, खाली सही. बंदरात तपासणीला येणारा आधी वही मागतो, मग फ्रीजर उघडतो. अन्नप्रक्रियेत सगळे ज्याला ‘हॅसप’ म्हणतात, म्हणजे अन्न कुठे बिघडू शकतं ते आधीच हेरून तिथे लक्ष ठेवायची पद्धत, तिचा गाभा मला त्या दिवशी एका आचाऱ्याने समजावला. आणि त्यांना रिसॉर्टच्या किचनमध्ये जायचं होतं, तिथे मालक लेखी पद्धत मागत होते, ती त्यांच्या डोक्यात होती पण कागदावर येत नव्हती. कागद हे तर माझं चौदा वर्षांचं काम. दोन गुरुवारांत पाच पानं झाली.

आता सांगा, घागरी रिकाम्या होत्या का? माझं म्हणणं असं की त्या काठोकाठ भरलेल्या होत्या. ज्याच्या त्याच्या घागरीत त्याला स्वतःला नको झालेलं पाणी होतं, एवढंच. एक ज्या कामातून बाहेर पडतोय, त्याच कामात दुसऱ्याला शिरायचंय. तुमचे सख्खे, सोयरे, जुने सोबती तुम्हाला जीव लावतील, पैसे देतील, पण त्यांना माहीत असतं तेच जे तुम्हाला आधीच माहीत आहे. ज्याला त्याच धंद्यात दुसरी कंपनी हवी त्याचं जुन्या ओळखींवर भागतं. ज्याला धंदाच बदलायचाय त्याचं भागत नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हे आकड्यांत मांडलं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून काम मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने माहिती दिली तो तेव्हा किती वेळा भेटत होता? वरचेवर भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकी सगळे अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणारे. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या जवळजवळ दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हाही अगदी जिवलगांपेक्षा थोड्या लांबच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या. फारच लांबच्या मात्र नाहीत. आपल्याकडे असे थोडे लांबचे लोक गणपतीत आपणहून दारात येतात. आरतीला वाडीभर फिरताना ठाण्याचा, पनवेलचा, पुण्याचा माणूस शेजारी झांजा वाजवत असतो. त्याला ‘कधी आलात’ याच्या पुढचा प्रश्न आपण विचारत नाही, कारण काम गेल्याचं कळेल. मीही एक वर्ष विचारला नव्हता.

रडगाण्याचं तुम्ही लिहिलंत तेही आमच्याकडे झालं. सुरुवातीचे चार गुरुवार निव्वळ गाऱ्हाण्यांत गेले आणि दोघं यायचे बंद झाले. त्यात एक माझ्याहून हुशार मुलगी होती, ती परत आली नाही, याची चुटपुट अजून आहे. मग आम्ही क्रम बदलला. आधी प्रत्येकाने सांगायचं, गेल्या गुरुवारपासून काय केलं. किती फोन, कुणाला भेटलो, काय नवं कळलं. मग पुढच्या आठवड्याचं ठरवायचं आणि ते जोडीदाराच्या वहीत लिहायचं, स्वतःच्या नाही. रडणं शेवटी, आणि तेही मनापासून ऐकायचं, कारण त्याचीही गरज असते. अमेरिकेत नेथन अॅझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात असाच गट चालवला होता. रोज जमायचं, जोडीजोडीने काम करायचं, फोन सामायिक, कळलेली प्रत्येक जागा सगळ्यांना सांगायची. १९७५ मध्ये त्याने निकाल छापला. दोन महिन्यांत गटातल्या ९० टक्के लोकांना काम मिळालं होतं, गटाबाहेरच्यांपैकी ५५ टक्क्यांना. तो काळ वेगळा, देश वेगळा. इथे तेवढंच होईल असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही गेलात त्या बैठकांमध्ये वही नव्हती, एवढं मी तुमच्या वर्णनावरून पैजेवर सांगते.

आणि गट नुसता नोकरी मिळवायलाच लागतो असं नाही, फसायचं वाचायलाही लागतो. जहाजावर लावतो म्हणून एका एजंटने आमच्यातल्या मुलाकडे मोठी रक्कम मागितली होती. घरच्यांनी दागिने मोडायची तयारी केली होती. कुकसाहेबांनी एकच विचारलं, त्याचा आरपीएसएल नंबर काय? खलाशी भरणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा तो परवाना लागतो, आणि नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. एजंटकडे नंबर नव्हता. एकट्या पोराला हे कुणी सांगितलं असतं?

कोकणात नोकऱ्या नाहीत, हे अर्धं खरं आहे. भेटीगाठींनी कारखाना उभा राहत नाही. आमच्यातला एक वर्षभर झटून शेवटी पुण्याला गेला, आणि त्याने बरोबरच केलं. ज्याचा हप्ता थकलाय त्याने तर आधी मिळेल ते काम धरावं आणि मग गुरुवारी यावं. पण इथलं पुष्कळ काम जाहिरातीत कधी येतच नाही. बारा बायका आणि एक कारकून असलेला काजूचा कारखाना पेपरात जाहिरात देत नाही. त्याला माणूस लागतो तेव्हा तो बाजारात कुणाला तरी बोलतो, आणि विषय संपतो.

त्यातही इथे कधी विचारायचं याला फार महत्त्व आहे, आणि हे मला पुण्यामुंबईच्या कुठल्याच सल्ल्यात वाचायला मिळालं नाही. एप्रिलमध्ये आंबेवाल्याला फोन केलात तर तो बोलणार नाही. पेट्या भरण्यातून त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. कॅनिंगवाले मे आणि जूनचा पहिला पंधरवडा बुडालेले असतात. बोटवाल्यांना जून-जुलैत भेटावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तांडेल आणि मालक दोघं घरी, जाळी विणत बसलेले, तेव्हा मनमोकळं बोलतात. रिसॉर्टवाले पावसाळ्यात डागडुजी काढतात आणि दिवाळीसाठी माणसं तेव्हाच हेरून ठेवतात. हे कॅलेंडर आम्ही सातजणांनी मिळून वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. कुणा एकाला ते पूर्ण माहीत नव्हतं.

आता तुमच्याबद्दल एक विचारते, राग मानू नका. बॉयलरकडे परत जायचं नाही असं तुम्ही लिहिलंय. पाळ्यांनी झोप गेली, कान गेले, ते मी समजू शकते. नका जाऊ. पण आमच्यात गेल्या महिन्यापासून एक बाई येतात, आधी खासगी शाळेत शिकवायच्या, आता नवऱ्याबरोबर छोटं काजू युनिट टाकलंय. बी वाफवताना त्यांचं प्रेशर मध्येच पडतं, आणि त्या भीतीने बॉयलरच्या जवळच जात नाहीत. विहीर खाडीकाठची आहे, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं. मी पाण्याचा जडपणा तपासून आकडा देऊ शकते, पण त्या आकड्यावरून आत काय झालं असेल हे मला सांगता येत नाही. तुम्हाला बहुतेक नुसतं ऐकूनच कळलं असेल.

त्या या गुरुवारी येणार आहेत. साडेचारला. तुम्ही याल का?