काळा झेंडा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या पोर्शेने मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. आजही आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वेगाचा विषय निघाला की बोलणं तिथेच येऊन थांबतं. परवा पुण्याच्या भाच्याने मला थेट विचारलं, "मामा, तूही रेस करतोसच की. तुझ्यात नि त्या पोरात फरक काय? तुला ट्रॅक मिळतो, एवढाच ना?"

प्रश्न लागला मनाला. फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितोय.

कॅलिफोर्नियात आम्ही पाच जण मिळून एक जुनी होंडा सिविक पळवतो. '२४ अवर्स ऑफ लेमन्स' ही हौशी लोकांची शर्यत इथे २००६ पासून होते. गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी, एवढीच तिची ओळख लोकांना असते. पण रोल केज (गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवलेला लोखंडी सांगाडा), सीट, पट्टे, ब्रेक हे त्या ५०० मध्ये धरत नाहीत आणि खरा पैसा तिथेच जातो. नावात २४ तास असले तरी बहुतेक शर्यती शनिवार-रविवार मिळून चौदा-पंधरा तासांच्या. एका टीममध्ये किमान चार चालक लागतात. रेसिंगचं लायसन्स लागत नाही, साधं चालतं.

भाच्याचं म्हणणं आपल्याकडे बरीच शहाणी माणसंही मांडतात: ट्रॅक द्या, पोरं रस्त्यावर उंडारणार नाहीत. श्रीपेरुंबुदूरला ट्रॅक आहे, कोइमतूरला आहे, ग्रेटर नोएडाला तर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. महाराष्ट्रातही असे ट्रॅक व्हावेत असं मलाही मनापासून वाटतं. पण ट्रॅकने रस्ते सुधारतील हे मला पटत नाही. कॅलिफोर्नियात ट्रॅकना तोटा नाही. तरी ओकलंडसारख्या शहरात रात्री चौक अडवून पोरं गाड्या गरगर फिरवतात, बघणारे जखमी होतात, कधी जीवही जातो. इकडची माणसं जात्याच शिस्तीची असतात, हे आपल्याकडचं लाडकं मत मी तरी इथे राहून सोडून दिलंय.

फरक मला पहिल्याच शर्यतीत कळला. विलोज गावाजवळचा थंडरहिल ट्रॅक. त्याचं पाच नंबरचं वळण टेकाडावर आहे, माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. मी घाई केली, चारही चाकं मातीत गेली. कुणाला धक्का लागला नाही, गाडीवर ओरखडा नाही. पुढच्या फेरीत माझ्यासाठी काळा झेंडा. तो दिसला की मुकाट बाहेर यायचं, पंचांपुढे उभं राहायचं. मी म्हटलं, पुढच्याने अचानक ब्रेक मारला. पंच म्हणाले, पुढच्याचं राहू दे, तू काय केलंस ते सांग. मी तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मला बसवून ठेवलं. घाई केली, चूक माझी, असं तोंडातून निघेपर्यंत बाकीच्या गाड्या फेऱ्या मारत होत्या आणि माझे चौघे पिटच्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेच्या, भिंतीला टेकून घड्याळ बघत होते. महिनाभर रात्री जागून त्यांनी ते इंजिन उभं केलं होतं. एक जण अजून एकदाही स्टिअरिंगला बसला नव्हता. मी कोण, बाप काय करतो, हे त्या दिवशी कुणीही विचारलं नाही.

तिकडे पुण्यात दोन माणसं मेल्यावर त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. पुढे लोक खवळले आणि तो आदेश बदलला गेला, हेही खरं. पण आपली चर्चा पोर्शेच्या किमतीत, पबच्या वेळांत आणि 'आजकालच्या पोरां'त अडकली. मला विचाराल तर त्या मुलाला त्या रात्रीच्या आधी काळा झेंडा कितीदा दाखवला गेला, हा प्रश्न विचारायला हवा होता. पहिल्यांदा विनालायसन्स चावी मागितली तेव्हा कोण नाही म्हणालं? सिग्नल तोडून पन्नासाची नोट सरकवणारा बाप मागच्या सीटवरच्या मुलाला काय शिकवतो, हे आपण सगळे जाणतो. मीही पुण्यात असताना ती नोट सरकवलेली आहे.

भाचा डिसेंबरमध्ये इकडे येतोय. शर्यतीला यायचं म्हणतो. त्याला कळवलंय, गाडीत बसायचं नंतर बघू. पेट्रोल भरताना आमच्यातला एक जण आगरोधक सूट, हेल्मेट घालून अग्निशामक हातात धरून उभा असतो. तेवढा वेळ इंजिन बंद, गाडीत कुणी नाही, आणि त्या माणसाने नजर हलवायची नाही. या वेळी ते काम भाच्याचं.

"कंटाळा येईल रे मामा," म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याच्या सूटचं माप आलं.