शंभरचा आग्रह सोडू नका

अलौकिक बुद्धिमत्ता हवी असेल तर सुरुवात केसांपासून करावी. पेटंट कचेरीत नोकरी करतानाच्या फोटोत आइनस्टाइनचे केस बऱ्यापैकी बसलेले दिसतात आणि 1905चे निबंध त्याच दिवसांतले आहेत, पण हे कुणाला सांगू नका. केस विस्कटून, पोह्यांची प्लेट हातात धरून इंदूरच्या छप्पन दुकानांवर दोनदा 'क्वांटम' म्हणा. संध्याकाळपर्यंत रामबागेत तुमचं नाव झालेलं असेल.

खरा धोका प्रयोगात असतो. पाणी उकळून थर्मामीटर बुडवा. इंदुरात पारा 98च्या जरासा वर जाऊन थांबतो. पुस्तकात 100 आहे, तेव्हा जर्नलमध्ये 100च लिहा. इथे 'का?' विचारलंत की संपलं. मग कळतं की शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे, दर 300 मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, आणि थर्मामीटर बिचारा खरंच बोलत होता. एवढ्या भानगडीत पोहे गार होतात.

दोलकाच्या प्रयोगात तर फारच सोय आहे. लांबी मोजताना पट्टी गोळ्याच्या वरच्या कडेपाशीच थांबवा, मध्यापर्यंत नेऊ नका. खरे 100 सेंमी असतील, तुमचे 99 भरतील. वीस दोलनांना 40.1 सेकंद लागतील आणि गुरुत्वत्वरण 9.8ऐवजी 9.7 येईल. घाबरू नका. उत्तरावरून उलटं गणित करा आणि वेळ 39.9 लिहा, एक्स्टर्नल खूश. फक्त चार-पाच लांब्या घेऊन वेळेच्या वर्गाचा आलेख काढू नका. रेषा आरंभबिंदू टाळून लांबीच्या अक्षाला उणे 1 सेंमीवर छेदते, आणि गिळलेली त्रिज्या सगळ्यांसमोर बाहेर पडते. आलेख काढावाच लागला, तर पट्टी आरंभबिंदूवर दाबून धरा आणि रेघ ओढा.

अशी दाबादाबी न जमलेल्या माणसांचे हाल बघा. केप्लरने मंगळासाठी तीच आकडेमोड निदान सत्तर वेळा करून एक कक्षा जमवली होती. पुढे टायको ब्राहेच्या आकाशनिरीक्षणांच्या नोंदींशी ताडताना 8 कलांचा फरक निघाला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. आपल्यापैकी कुणीही 'मानवी चूक' लिहून सुटलं असतं. याने सत्तर वेळांची मेहनत फेकून दिली, आणि 1609मध्ये लंबवर्तुळ छापून दोन हजार वर्षांच्या वर्तुळांची वाट लावली.

कॅव्हेंडिशने 1785मध्ये हवेतला नायट्रोजन संपवत नेला, तरी एक बुडबुडा उरलाच, मूळच्या 1/120पेक्षा जास्त नाही. त्याने प्रामाणिकपणे नोंद केली आणि पुढची शंभर वर्षं जगाने ती गुण्यागोविंदाने विसरली. आपली खरी परंपरा ही! मग शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलीच्या तराजूत हवेतला नायट्रोजन रसायनांपासून काढलेल्यापेक्षा अर्धा टक्का जड भरला, आणि त्याला झोप येईना. 1894मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅमझीच्या साथीने त्याला त्या बुडबुड्यातला वायू, आरगॉन, सापडला, 1904मध्ये दोघांना नोबेल. अर्ध्या टक्क्यासाठी एवढा उपद्व्याप!

डार्विन तर आपल्या मताविरुद्धची गोष्ट दिसताच लगेच टिपून ठेवायचा. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरतात, असा त्याचा अनुभव होता. आपल्याला हे काम स्मरणशक्ती आयतं करून देते. वही घेऊच नका.

आणि तो थर्मामीटर दुकानदाराला परत करा. तो बदलून देईल. नवाही 98च दाखवेल; तोही परत करा.