लाल नकाशा पाहून हरिकेनचा जोर सांगता येत नाही

दर हंगामात सोशल मीडियावर समुद्राच्या तापमानाचा एक लालभडक नकाशा फिरतो. सोबत मजकूर असतो: ‘पाणी 27 अंशांच्या वर असलं की हरिकेन, म्हणजे अटलांटिक किंवा पूर्व पॅसिफिकमधलं तीव्र चक्रीवादळ, भडकणारच. वाऱ्याचा वेग उतरला की धोका टळला. इतकं सोपं गणित असूनही 2023 मध्ये मेक्सिकोवर धडकलेल्या ओटिस हरिकेनचा अंदाज चुकला, म्हणजे अंदाज देणारे झोपले होते.’

आधी 27 अंशांचं पाहू. साधारण 26.5 अंश ही वादळाची किमान गरज. पाणी आणि वातावरणाचा वरचा थर यांच्या तापमानातल्या फरकावरून वादळ जास्तीत जास्त किती वाढू शकेल, हेही काढता येतं. पण ती झाली वरची मर्यादा. बहुतेक वादळं तिच्या जवळपासही जात नाहीत.

ती तिथवर का पोहोचत नाहीत, याचं नेहमीचं कारण विंड शिअर. सुमारे दीड किलोमीटर आणि 12 किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांची दिशा व वेग यांत किती फरक आहे, ते यात मोजतात. हा फरक 20 नॉटच्या (ताशी सुमारे 37 किलोमीटरच्या) पुढे गेला की वादळाचा उभा गाभा कलतो आणि गडगडाटी ढग एका बाजूला ढकलले जातात. मग मधल्या थरातली कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पावसाचे थेंब विरतात, हवा गार होऊन खाली कोसळते आणि तीच हवा पुन्हा डोळ्याभोवतीच्या, म्हणजे वादळाच्या शांत केंद्राभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत ओढली जाते. इंजिनात पाणी गेल्यासारखंच ते. मात्र यालाही पक्का नियम समजू नका: 2018 मध्ये मायकेल हे हरिकेन मध्यम शिअर असतानाही वाढत राहिलं आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पाचव्या, म्हणजे सर्वात तीव्र, श्रेणीत धडकलं.

नकाशातली दुसरी खोट म्हणजे तो फक्त पृष्ठभाग दाखवतो. हरिकेन समुद्र घुसळतं आणि खालचं गार पाणी वर आणतं. वरचा ऊबदार थर 30 मीटरचा असेल आणि वादळ रेंगाळत असेल, तर ते स्वतःच्याच पायाखालचं पाणी काही अंशांनी गार करून बसतं. मेक्सिकोच्या आखातातल्या लूप प्रवाह नावाच्या ऊबदार सागरी प्रवाहात 26 अंशांचं पाणी 100 मीटरच्याही खाली जातं. तिथे कितीही घुसळलं तरी वर येतं ते ऊबदारच. 2005 मध्ये कतरिना आणि रिटा ही हरिकेन तिथूनच गेली. नकाशावर दोन्ही जागा सारख्याच लाल दिसतील. म्हणून पाहायची ती ऊबदार थराची खोली, आणि तिच्या जोडीला वादळाचा पुढे सरकण्याचा वेग.

पाणी तेच असतानाही जोर वर-खाली होतो, तो गाभ्यातल्या घडामोडींमुळे. तीव्र वादळात डोळ्याभोवतीच्या जुन्या भिंतीबाहेर ढगांचं दुसरं कडं तयार होतं आणि आत येणारी दमट हवा अडवतं. आतली भिंत विरते, वारा उतरतो. काही तासांनी, कधी दीड दिवसाने, नवं कडं आकसलं की वारा पुन्हा चढू शकतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन पाचव्या श्रेणीतून चौथ्यात उतरून परत पाचव्यात गेलं. ही अदलाबदल कधी सुरू होईल, हे वेळेसकट सांगणं आजही फार अवघड आहे.

आता ओटिस. 24 तासांत वारा 30 नॉटने वाढला तरी त्याला झपाट्याची वाढ म्हणतात. ओटिसचा वारा त्याच्या तिपटीहून जास्त वाढला आणि 25 ऑक्टोबरला ते पाचव्या श्रेणीत मेक्सिकोतल्या अकापुल्को शहराजवळ धडकलं. अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या एकाही प्रमुख संगणकी मॉडेलने हे दाखवलं नव्हतं. लहान गाभ्याचं वादळ होतं ते. साधारण 9-15 किलोमीटरच्या चौकटींच्या जाळीवर चालणाऱ्या जागतिक मॉडेलला असा गाभा धड दिसतच नाही. सुमारे 2 किलोमीटरच्या जाळीची खास मॉडेल आहेत, पण सुरुवातीलाच गाभा कसा आहे हे चुकलं तर बारीक जाळी काय करणार? पूर्व पॅसिफिकमध्ये वादळात शिरून मोजणी करणारी विमानं क्वचित जातात. बहुतेक वेळा उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या ठेवणीवरूनच वाऱ्याचा वेग ठरवतात. 24 तारखेच्या दुपारी विमान आत गेलं, तेव्हा वादळ त्या अनुमानापेक्षा बरंच तीव्र निघालं. यात झोपेचा संबंध कुठे येतो? आणि पोस्टवाल्यांच्या हिशेबाने चालायचं तर त्या ऊबदार पट्ट्यातल्या प्रत्येक वादळाला पाचवी श्रेणी द्यावी लागली असती.

राहिलं ‘वेग उतरला, धोका टळला’. पोस्टमधला सगळ्यात घातक भाग हाच. श्रेणी ठरते ती फक्त वाऱ्याच्या कमाल वेगावरून. कतरिनाचा वारा 28 ऑगस्टला ताशी 280 किलोमीटर होता, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सुमारे 205. म्हणजे पाचवीवरून तिसरी श्रेणी. पण तोवर वाऱ्याचा घेर पसरला होता आणि खोल समुद्रात उठलेलं पाणी किनाऱ्याकडे निघालं होतं. वारा मंदावला म्हणून ते मागे फिरत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर समुद्र काही ठिकाणी 8 मीटरहून वर चढला.