मडकं वाजतं, तरी झिरपतं

कुपवाड-मिरजेच्या फायबरवाल्यांमध्ये, म्हणजे काचेच्या धाग्यांवर रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट द्रव) चढवून टाक्या बनवणाऱ्यांमध्ये, सध्या एक मजकूर फिरतोय. मला एकट्यालाच तो तिघांनी पाठवला. म्हणणं असं: ‘फायबरच्या मालात हवेची पोकळी आहे का, हे रुपयाच्या नाण्याने कळतं. ठोकत जा, आवाज खणखणीत आला की माल पास. अल्ट्रासोनिक (कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीची तपासणी) लोखंडासाठी असतं, फायबरमध्ये चालत नाही. फारच शंका असेल तर एक्स-रे काढा, सगळं दिसतं. आणि चांगल्या कारागिराच्या मालात पोकळी शून्य असते.’

नाणं मीही खिशात ठेवतो. मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चादरीचा) थर खालच्या थरापासून सुटला असेल किंवा सांध्यात चिकटवण बसलं नसेल, तर आवाज बद्द येतो. पवनचक्कीच्या पात्यांवर दुरुस्तीवाले दोराला लटकून अशीच टकटक करतात, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरच आहे. पण सुटलेला थर वेगळा आणि रेझिनभर विखुरलेले बारीक बुडबुडे वेगळे.

बाजारात मडकं आपण वाजवून घेतो. तडा असेल तर बद्द, नसेल तर ठणठण. पण त्याच ठणठणीत मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं, म्हणून तर ते गार राहतं. छिद्रं वाजवून कळली असती तर कुंभाराचं एकही मडकं पास झालं नसतं! ढोबळ हिशेब करून बघा. काचेच्या फायबरच्या जाडीतून ध्वनी सेकंदाला साधारण 3000 मीटर जातो. नाण्याचा ठोका 5 किलोहर्ट्झचा धरला तर एक लाट 60 सेंटीमीटरची झाली. अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्याची तिला काय पडलीय? माझ्याच हातची ॲसिडची एक टाकी मी अशी वाजवून पास केली होती. हवा दाबून काढायचा रोलर घाईत फिरला होता, हे मला ठाऊक होतं, नाण्याला नव्हतं. वर्षाच्या आत टाकीच्या भिंतीला घाम फुटला.

अल्ट्रासोनिकबद्दलच्या वाक्यामागे मात्र कुणाचा तरी खरा अनुभव असणार. वेल्डिंग तपासणारा माणूस बोलावला असेल, त्याच्याकडे 4-5 मेगाहर्ट्झचा प्रोब, म्हणजे ध्वनी पाठवून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा तुकडा. तो 30 मिलिमीटर जाडीच्या काचेच्या लॅमिनेटवर (थरांच्या मालावर) ठेवला की ध्वनी आतच विरतो, पडद्यावर काही परत येत नाही, आणि माणूस म्हणतो, चालत नाही. प्रोब बदलायला हवा होता. जाड काचेला अर्धा ते एक मेगाहर्ट्झ लागतो. कार्बनच्या धाग्यांच्या पातळ मालाला 5 सुद्धा चालतो.

वाचायची रीतही निराळी. वेल्डमध्ये दोषाचा स्वतंत्र उंचवटा शोधतात. इथे एकेका बुडबुड्याचा उंचवटा मिळत नाही. हजारो बुडबुडे मिळून ध्वनी चहूकडे उधळतात आणि मागच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रतिध्वनी खुजा होतो. वाटेत आवाज किती डेसिबल मेला, ते मोजायचं.

खरी मेख पुढे आहे. आवाज इतर कारणांनीही मरतो. हँड ले-अपच्या (साच्यावर हाताने थर चढवलेल्या) मालाची साच्याकडची बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. प्रोबखालचं जेल कमी पडलं, मॅटला घडी पडली, तरी डेसिबल जातात. म्हणून दुसऱ्याच्या कारखान्यातला आकडा आपल्याला कामाचा नाही. आपलीच काच, आपलंच रेझिन, तीच जाडी घेऊन तीन-चार पट्ट्या बनवायच्या, एखादी मुद्दाम बिघडवलेली. आधी डेसिबल मोजायचे, मग त्याच पट्ट्यांचे तुकडे 565 अंशांच्या भट्टीत जाळायचे. रेझिन जातं, काच उरते, वजनं आणि घनता यांवरून पोकळी निघते, आणि किती डेसिबलमागे किती पोकळी ते कळतं. कार्बनला ही भट्टी नको, तो स्वतःच जळू लागतो. तिथे रेझिन ॲसिडमध्ये विरघळवतात. आणि जाळून निघालेला आकडाही वेदवाक्य नाही. हिशेबात धरलेली घनता 1 टक्क्याने चुकली तर पोकळीचा आकडा जवळपास 1 ने सरकतो, म्हणजे 2 टक्क्यांच्या जागी 3 किंवा 1 दिसतो. पुस्तकातली रेझिनची घनता धरून मी एकदा हिशेब केला तर पोकळी उणे निघाली.

एक्स-रेचं थोडक्यात. 10 मिलिमीटर जाडीत 2 टक्के हवा म्हणजे एकूण 0.2 मिलिमीटर, तीही विखुरलेली. फिल्मवर फार तर ढगाळपणा दिसेल. सीटी स्कॅनमध्ये बुडबुडे खरोखर दिसतात, पण तुकडा लहान हवा. 2000 ठिपक्यांच्या डिटेक्टरवर 10 मिलिमीटरचा तुकडा बसवला तर एक ठिपका 5 मायक्रॉनचा. 2 मीटरची टाकी बसवली तर 1 मिलिमीटरचा, म्हणजे बुडबुड्यापेक्षा मोठा. चाळकेवाडीच्या पठारावरचं पवनचक्कीचं पातं कुठल्या मशीनमध्ये घालणार, ते पाठवणाऱ्यानेच सांगावं.

आणि शून्य पोकळी? विमानाच्या भागांनाही साधारण 1 ते 2 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. पण म्हणून बेफिकीरही राहता येत नाही: 1978 सालापासून सांगितला जाणारा ठोकताळा असा की, साधारण 4 टक्क्यांपर्यंत दर 1 टक्का पोकळीमागे थरांमधली कातर-ताकद (थर एकमेकांवरून सरकू न देणारी ताकद) 7 टक्क्यांच्या आसपास घटते.

खर्चाची तक्रार कानावर येतेच. पण टाकीला नोझलसाठी भोक पाडताना जी चकती निघते ती आपण भंगारात टाकतो. ती त्याच भिंतीची, त्याच दिवशीच्या रेझिनची. घाम फुटलेल्या त्या टाकीनंतर मी एकही चकती टाकलेली नाही. प्रत्येकीवर तारीख आणि डेसिबल लिहून डब्यात ठेवतो, आणि महिन्यातून एकदा त्यातल्या दोन-तीन भट्टीत जातात.