खुर्ची तीच, एजन्सी दोन, कर ७८,७८०

आज डोकं फिरलंय. हिंजवडीत काँट्रॅक्टवर असलेला एक मुलगा पगाराच्या स्लिपा घेऊन आला. सप्टेंबरपर्यंत एका एजन्सीच्या पेरोलवर, महिना १,१०,०००. ऑक्टोबरपासून दुसरीच्या, महिना १,२०,०००. काम तेच, खुर्ची तीच, मॅनेजरही तोच. दोन्हीकडे टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) शून्य, म्हणून गडी निवांत.

पहिलीने फक्त आपले ६,६०,००० बघितले, दुसरीने आपले ७,२०,०००. दोघींनी ७५,०००ची स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला मिळणारी ठरावीक वजावट) दिली, दोघींनी कलम ८७एची सूट (बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर कर शून्य) दिली आणि मोकळ्या झाल्या. पण पॅन एकच आहे ना! २०२५-२६ची बेरीज १३,८०,०००. डिडक्शन एकदाच, म्हणजे करपात्र १३,०५,०००. नव्या पद्धतीत चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारावर ४०,०००, वरच्या १,०५,०००वर पंधरा टक्क्यांनी १५,७५०. बारा लाखांच्या इतकं वर गेल्यावर ८७एचा काहीच उपयोग नाही. चार टक्के सेस धरून ७८,७८०. बिचाऱ्याचा चेहराच पडला.

जॉइनिंगला आधार, पॅन, कॅन्सल चेक, फोटो, सगळं मागतात. मग फॉर्म १२बी मागायला काय होतं? आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस त्यावर लिहून दिला की नवी एजन्सी दोन्ही मिळून हिशोब करते. मान्य, कायद्याने तो द्यायचा की नाही हे कर्मचाऱ्यावर सोडलंय. पण त्याला सांगणार कोण? एचआरने एक ओळीची मेल टाकली असती तर हेच पैसे सहा पगारांत विभागून गेले असते.

असो, मार्च अजून हातात आहे. त्याला म्हटलं, बाबा, आजच १२बी भरून दे. मार्चच्या पगारातून कापतील, हातात जेमतेम चाळीस हजार येतील, पण विषय मिटेल. एजन्सी म्हणाली पेरोल बंद झाला, तर १५ मार्चच्या आत आयकर पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये ॲडव्हान्स टॅक्स (वर्ष संपण्याआधी हप्त्यांनी भरायचा कर), कोड १००, स्वतः भर. आधीचे हप्ते चुकल्याचं कलम २३४सीचं व्याज थोडं लागेल. जुलैअखेरपर्यंत थांबलास तर २३४बी (ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याचं व्याज) धरून व्याजच सात हजारांच्या वर जाईल.

तुमच्यापैकी कोणी एजन्सी बदलत असेल तर शेवटच्या दिवसाआधी सगळ्या स्लिपा उतरवून घ्या आणि स्वतःचा ईमेल नोंदवा. ऑफिसचा आयडी त्याच संध्याकाळी बंद होतो आणि फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) येतो जूनमध्ये. मग फोन कोणी उचलत नाही. रिटर्नमध्ये दोन्ही पगार दाखवायचे, एकाच फॉर्म १६वरून भागत नाही. एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या तुमच्या उत्पन्नाच्या पत्रकात) सगळं दिसतं.

सगळ्यात जास्त चीड येते ती चाकणच्या गोदामांतल्या पोरांचे कागद बघून. महिना वीस-बावीस हजार, कर शून्यच. तरी २०२५-२६चं २६एएस (तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचं पत्रक) उघडून कलम बघा. १९२ असेल तर पगार. १९४सी किंवा १९४जे असेल तर एजन्सीने तुम्हाला नोकर न दाखवता कंत्राटदार दाखवलंय. मग स्टँडर्ड डिडक्शन नाही, पीएफ नाही, आयटीआर-१ (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) चालत नाही. १९४जेखाली तर दहा टक्क्यांपर्यंत कापतात, आणि रिटर्न भरल्याशिवाय त्यातला एक रुपयाही परत येत नाही. ते पैसे पोरांच्या घामाचे आहेत. असे कागद असतील तर घेऊन या, मी रिटर्न भरून देतो.