‘कधी हातात पाना धरलाय का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

माझ्या जुन्या डिझेल एसयूव्हीला मोठ्या क्षमतेचा पॉवर स्टिअरिंग पंप (तेल दाबाने ढकलून स्टिअरिंग हलकं करणारा) बसवल्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. पंप बदलणं म्हणजे गॅरेजवाल्याचा खिसा भरणं, बेल्ट ताणून तेल बदललं की भागतं, जास्त प्रेशरने रॅकची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या यंत्रणेची, तेल अडवणारी सीलं जातात, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी, ‘कधी हातात पाना धरलाय का, की नुसतं वाचून लिहिता?’

बेल्टचं मान्य. सैल बेल्ट पुलीवर घसरत असेल तर चांगला पंपही काम देत नाही. आधी बेल्टच बघायचा, यात वाद नाही.

पण पान्याचं काय बोललात तुम्ही! वडिलांचा टेम्पो रावेर-यावलकडून केळी भरून यायचा. वाटेत बंद पडला की गाडीखाली उताणं पडून टॉर्च धरायला मीच असायचो. कॉलेजच्या सुट्ट्या जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजात गेल्या. मिस्त्रींनी आधी नुसते नटबोल्ट डिझेलमध्ये धुवायला बसवलं, पाना फार उशिरा हातात दिला. माझ्या हळदीच्या दिवशीही नखांत ग्रीस होतं, आई त्यावरून चिडली होती.

हा पंपही मीच बसवला. जुना काढताना रिटर्नच्या पाइपातून काळं तेल आलं. बोटावर घेऊन उन्हात धरलं तर त्यात धातूची बारीक चकाकी. पंपाच्या आतल्या पात्या आणि रिंग झिजली की अशी कणी तेलात उतरते. त्याला नवं तेल पाजून काय होणार होतं? नवा पंप बसवल्यावर पुढची चाकं उचलली, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली तर पंप रडतो आणि तेलाला फेस येतो.

माझं गणित चुकलं असं म्हणा, मी बसून उत्तर देईन. माणूस कोण, कुठला, काय करतो हे न विचारता त्याला खोटं ठरवायचं, ही आपल्या खान्देशातली रीत नाही.

सीलांबद्दल थोडक्यात. पंप मोठा म्हणजे दाब जास्त, हे तुम्ही गृहीत धरलंत. दाब कुठवर चढू द्यायचा ते रिलीफ व्हॉल्व्ह (ठराविक दाबाला उघडणारी झडप) ठरवतो, आणि तो दाब मी मूळ पंपाइतकाच ठेवलाय. वाढला तो तेलाचा प्रवाह. चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाटात वळणावर वाहतूक अडकली की गाडी जागेवर आणि इंजिन आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता हळू फिरत. पंप इंजिनच्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे रुंद टायर वळवायला जोर सगळ्यात जास्त लागतो नेमका तेव्हाच तो सगळ्यात हळू फिरत असतो. झिजलेल्या पंपाला तिथे दाब धरताच येत नाही. स्टिअरिंग दगडासारखं होतं, शेजारी दरी, मागच्या सीटवर मुलं. तेव्हा ‘तेल बदला’ म्हणणं सोपं आहे.

खिशाच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही.

तुमच्या गाडीचे टायर कोणत्या मापाचे आणि स्टिअरिंग आयडललाच जड होतं की चालत्या गाडीतही, ते लिहा, त्यावर जरूर बोलू. पुन्हा माणसावर घसरलात तर प्रतिक्रिया काढून टाकीन.